ग्राफ झकास, स्टेप्सचा मात्र आनंदीआनंद

वर्गसमीकरण सुटतं पण बरोबरच्या चिन्हाजागी > आलं की हात थांबतो, अशांसाठी हे क्वाड्रॅटिक इनइक्वालिटीचं ॲप आहे, नाव मुद्दाम देत नाही.

आधी चांगलं सांगतो. क्ष² − ५क्ष + ६ > ० टाकलं की लगेच पॅराबोला (त्याचा वाटीसारखा ग्राफ) येतो, अक्षाच्या वरचा भाग रंगतो आणि खाली नंबर लाइनवर २ आणि ३ ला पोकळ गोल दिसतात, > चं ≥ केलं की तेच गोल भरतात. खरी मजा स्लायडरची आहे. शेवटचा ६ हळूहळू वाढवत न्या, दोन्ही मुळं एकमेकांकडे सरकतात, ६.२५ ला २.५ वर एकत्र येतात म्हणजे विवेचक (मुळं किती ते सांगणारी b² − 4ac ही संख्या) शून्य, आणि तेव्हा उत्तर काय तर २.५ सोडून सगळ्या संख्या! ७ केलं की विवेचक −३, पॅराबोला अक्षाला शिवतच नाही आणि सगळी रेघ रंगते. हे फळ्यावर कितीही वेळा काढलं तरी इतकं डोक्यात बसत नाही बघा.

आता स्टेप्स. −क्ष² + ४क्ष − ३ ≥ ० दिलं तर पुढच्याच ओळीत क्ष² − ४क्ष + ३ ≤ ०, चिन्ह का उलटलं (अहो −१ ने गुणलं म्हणून!) याबद्दल चकार शब्द नाही. मग फॅक्टर, मग थेट १ ≤ क्ष ≤ ३. मधलाच भाग का घेतला? २ घालून बघा, ४ − ८ + ३ = −१ येतं, एवढी एक ओळ द्यायला काय जात होतं?

सरावात तर अजून वैताग. वरच्या क्ष² − ५क्ष + ६ > ० ला बरीच पोरं ३ < क्ष < २ असं लिहितात, म्हणजे ३ पेक्षा मोठी आणि २ पेक्षा लहान अशी संख्या, जी असूच शकत नाही, तिथे 'किंवा' पाहिजे, क्ष < २ किंवा क्ष > ३. ॲप नुसती लाल फुली मारून मोकळं.

आणि (क्ष − ३)² ≤ ० ला हे चक्क "उत्तर नाही" म्हणतं!! वर्ग शून्यापेक्षा कमी होत नाही हे कबूल, पण शून्य तर होतो ना, क्ष = ३ ला. रंगवायला पट्टा सापडला नाही की हात वर करत असावं बहुतेक. पाचपैकी तीन स्टार, तेही स्लायडरमुळे. उत्तरात एकच संख्या येतेय असं वाटलं तर ती मूळ गणितात घालून स्वतः तपासा.