संयुक्त खातं, खातेदार दोघी: पाचपैकी साडेतीन

पाचपैकी साडेतीन. एक तारा टोकनच्या मशीनने घालवला. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

बँकेचं नाव लिहीत नाही. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत तुम्हाला नेमका उलटा अनुभव यायचा आणि शिव्या मला पडायच्या. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, सरकारी बँक. एवढं पुरे.

आधी आम्ही कोण ते. मी सत्तेचाळीस वर्षांची, औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशोब बघते. ती पोळीभाजी केंद्र चालवते. रोजच्या साडेतीनशे-चारशे पोळ्या, सणाच्या पुरणपोळ्या वेगळ्या. 2013 पासून एका घरात आहोत. सोसायटीत ती पोळीवाल्या काकू आणि मी ऑफिसवाल्या काकू. भाड्याचं पहिलं घर बघायला गेलो तेव्हा एजंटाने विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण? तिने जराही न अडखळता "मावसबहिणी" सांगून टाकलं. तेव्हापासून त्या नसलेल्या मावशीला आम्ही पोसतोय. मध्यंतरी शेजारच्या आजींनी चौकशी केली, "मावशी आहेत ना गं अजून?" ही म्हणाली, "असतात चिपळूणला, गुडघे दुखतात फक्त."

हसतो आम्ही त्यावर. पण तीन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी सही केली, नातं: बहीण. दुसऱ्या दिवशी तिचा सख्खा भाऊ गावाहून आला आणि काउंटरवर सगळ्यांसमोर म्हणाला, आम्हाला अशी कुठली बहीण नाही. आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. तिथल्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचं पाकीट मारताना सापडले होते. त्या दिवशी ठरवलं की यापुढे कुठल्याही कागदावर ती मावशी येणार नाही.

तर, खातं. आमची शिल्लक तोवर दोघींच्या नावांवर वेगवेगळी होती. गव्हाचे पैसे तिच्या खात्यातून, भाडं माझ्या, गॅस जिच्याकडे असतील तिच्या. एकत्र खातं काढायचं असं दरवर्षी पाडव्याला ठरायचं आणि राहायचं.

मे 2025 मध्ये आधी एका दुसऱ्याच बँकेत गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, म्हणून. फॉर्मवर "पहिल्या अर्जदाराशी नाते" असा रकाना. मी लिहिलं, पार्टनर. काउंटरवरच्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "मग भागीदारीपत्र लागेल. फर्मचं पॅन. आणि हे सेव्हिंगमध्ये बसणार नाही, करंट काढावं लागेल."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, पोळीभाजीचे पार्टनर! म्हटलं, मॅडम, धंद्यातल्या नाही, घरातल्या. त्या बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बहीण लिहा ना. कोण बघतंय?" आणि आमची ही, जिच्या तिकडे कणकेच्या दोन पराती मळून पडल्या होत्या, ती मला कोपर मारून म्हणते, "लिही गो, काय फरक पडतो! साडेअकराच्या डब्यांचं काय करू मी?"

तिचंही चुकत नव्हतं. डबे साडेअकरालाच जातात. पण मी पर्समधून कागद काढला.

या कागदाबद्दल नीट सांगते, कारण तुम्हालाही लागेल. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते आठवत असेल. त्या सुनावणीत सरकारने सांगितलं होतं की अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी समिती नेमू. ती एप्रिल 2024 मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. त्यानंतर 21 ऑगस्ट 2024 ला रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं आणि 28 ऑगस्टला अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कुठलंही बंधन नाही. रेशन कार्डाबद्दलही राज्यांना तसंच पत्र गेलं आहे, की अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा.

गंमत बघा, परवानगी नवीन मिळालेली नाही. मुळात बंदीच नव्हती. दोन मैत्रिणी, दोन शेजारी, सासू-सून, कोणीही मिळून खातं काढू शकतं. सरकारने फक्त एवढंच म्हटलं की नाही म्हणू नका. तरी तो छापील कागद हातात असलेला बरा. झेरॉक्सवाल्याने प्रिंटचे पाच रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात मी सगळ्यात चांगले खर्च केलेले पैसे तेच.

त्या मॅडमनी कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. "आमच्याकडे असं काही आलेलं नाही. साहेबांना विचारून फोन करते." फोन अजून यायचाय.

आता या शाखेकडे येते, जिला तारे द्यायचेत.

जूनमध्ये गेलो, सोमवारी. पाऊस. दारात टोकनचं मशीन, ते बंद. शिपाईमामा हाताने चिठ्ठ्या देत होते आणि आकडा ओरडत होते. त्यात आमचा बावन्न आणि कोणाचा तरी बासष्ट यांची गल्लत होऊन पाऊण तास गेला. दुसऱ्या खेपेलाही मशीन बंदच. तिसऱ्या खेपेला चालू, पण कागदाचा रोल संपलेला. एक तारा गेला म्हणते तो इथे.

खाती उघडायच्या टेबलावरच्या बाई निवृत्तीला आलेल्या असाव्यात. चष्मा गळ्यात साखळीला, टेबलावर डबा, शेजारी बिसलेरीच्या बाटलीत मनीप्लांट. मी यावेळी पार्टनर म्हणायची नाही असं घरून ठरवूनच गेले होते. त्यांनी विचारलं, "दोघी एकमेकींच्या कोण?" म्हटलं, "आमचा संसार आहे."

हा शब्द तोंडातून येईल असं मलाही वाटलं नव्हतं. हिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकल्यासारखं. आणि खरंच, आम्ही हा शब्द घरातही वापरत नाही. घरात म्हणतो, "आपलं".

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किती वर्षं?"

"बारा."

"आणि खातं आत्ता काढताय?" असं म्हणून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. एवढंच. ना सहानुभूती, ना कुजबुज. मी कागद काढायला लागले तर म्हणाल्या, राहू दे, आहे ठाऊक.

मग संगणकाचा घोळ. नात्याच्या यादीत आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि तळाला इतर. बाईंनी पती-पत्नीवर बाण नेला, थांबल्या, आमच्याकडे बघितलं आणि स्वतःच हसल्या. "हे मला जमणार नाही हो. सिस्टीम लिंग विचारते आणि अडते." शेवटी "इतर". बहिणीपेक्षा मला इतर चालतं. निदान खरं तरी आहे.

तिच्या आधारवर चिपळूणचा पत्ता, म्हणून दुसरी खेप. पत्ता बदलून आल्यावर तिसरी. तिसऱ्या खेपेत पासबुक हातात आलं.

आता कामाच्या गोष्टी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. संयुक्त खातं "आयदर ऑर सर्व्हायवर" करून घ्या, म्हणजे व्यवहार एकीच्या सहीवर होतो आणि एक गेली तर दुसरीला पैसे मिळतात. त्या खात्यात एकमेकींना नॉमिनी करायला जाऊ नका, होत नाही, कारण तुम्ही आधीच मालक असता. नॉमिनी दोघी गेल्यावर लागतो. तिथे आम्ही तिच्या भाचीचं नाव घातलं, जी दर रविवारी पोळ्या लाटायला येते. एकमेकींचं नाव आपापल्या एकटीच्या खात्यावर लावलं. त्या फॉर्मवर, डीए-1 म्हणतात त्याला, "ठेवीदाराशी नाते, असल्यास" असं छापलेलं आहे. त्या "असल्यास"कडे मी बराच वेळ बघत बसले. रकाना रिकामा सोडला तरी चालतं, बाई म्हणाल्या. मी जोडीदार लिहिलं.

मुदत ठेव ठेवणार असाल तर आणखी एक. एकीच्या सहीवरचं खातं असलं तरी ठेव मुदतीआधी मोडायला दोघींच्या सह्या लागतात. एक गेल्यावर उरलेलीला ती मोडता यावी, तर तशी संमती दोघींनी आधीच लिहून द्यावी लागते. हे बाईंनी न विचारता सांगितलं. माझ्या मते तीन तारे त्यांचेच आहेत.

त्यानंतर 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी घालून. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे हातात घेणारा. वारस मागू शकतात. आमच्यासारखी बिनलग्नाची बाई मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईवडील, ते नसतील तर वडिलांकडचे वारस, म्हणजे तोच काउंटरवरचा भाऊ. संयुक्त खात्यातल्या तिच्या हिश्श्यावरही तो हक्क सांगू शकतो. म्हणून आम्ही जुलैमध्ये मृत्युपत्रं केली. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, आम्ही केली. साक्षीदार म्हणून शेजारच्या आजींचा मुलगा आला. मजकूर वाचत नाहीत साक्षीदार, पण त्याने वाचला. काही बोलला नाही. दिवाळीत फराळाचं ताट मात्र दोघींच्या नावाने एकच आलं, आधी दोन वाट्या वेगवेगळ्या यायच्या.

एक मुद्दा मी हिशोबनीस म्हणून जास्त कुरतडत बसते. नवरा-बायकोत कितीही पैसे भेट म्हणून दिले तरी घेणाऱ्याला कर नाही. आम्ही कायद्याने नातेवाईक नाही, म्हणून वर्षाला 50,000 च्या वर भेट गेली तर ती सगळी रक्कम घेणारीचं उत्पन्न. तिच्या दुकानाचा नवा फ्रीज मी घेऊन दिला ते काय, भेट की उसने? मी वही ठेवली आहे: डाव्या पानावर ती, उजव्या पानावर मी. बारा वर्षांच्या संसाराला खतावणी. या नियमाला 2025 मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. निकाल लागेपर्यंत वही चालू.

मला कोणी म्हणतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा 2018 ला निकाल लागला, तो गुन्हा राहिला नाही, झालं की तुमचं. त्या 6 सप्टेंबरला संध्याकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात मी उभी होते. गणपती आठवड्यावर आलेले. कोणी गवार मोडत होतं, कोणी मखराच्या थर्माकोलबंदीवर तावातावाने बोलत होतं. निकालाबद्दल एक अक्षर नाही. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, या पासबुकाबद्दलही कोणी तसंच न बोलावं.

बरं, अर्धा तारा. खातं उघडून आठवडा झाला आणि बँकेच्या कॉल सेंटरवरून मुलगा बोलला, कुटुंबाची आरोग्य योजना आहे. म्हटलं, सांगा. त्याने यादी बघितली असणार, दोन नावं, दोन्ही बायका. "मॅडम, सरांशी बोलता येईल का?" मी विचारलं, कुठले सर? तो म्हणाला, घरातले. ही तव्यावरून ओरडली, "सांग, सर पोळ्या लाटतायत." त्याने फोन ठेवला. योजनेचं शेवटपर्यंत कळलं नाही.

जाणार असाल तर दुपारी तीननंतर जा, गर्दी कमी असते. फोटो तीन-तीन न्या, स्टेपलर स्वतःचा न्या. त्या बाई मार्चमध्ये निवृत्त होतायत असं शिपाईमामा सांगत होते, त्याआधी गेलात तर बरं.

लॉकरसाठीही दोघींच्या नावाने अर्ज दिलाय. प्रतीक्षा यादीत एकेचाळीसावा नंबर.