ब्लॅडर उत्तम, पण ओ-रिंगने घात केला: पावसाळा ते उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

ट्रेकला सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी प्यायची ही ब्लॅडर: दोन लिटरची टीपीयूची (लवचीक प्लास्टिकची) पिशवी, वर सरकपट्टीचं तोंड, खाली काढता-घालता येणारी नळी, टोकाला दातात धरायचा व्हॉल्व्ह. बाकीची माहिती विक्रीच्या पानावर असतेच. पावसाळ्यात हरिहर आणि अंजनेरी, थंडीत साल्हेर, मार्चमध्ये सातमाळेतली मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप ही रेंज, एवढ्या वापरानंतर पिशवीचे जोड शाबूत आहेत. करवंदीच्या जाळ्यांतून सॅक घासत गेली तरी भोक नाही. पैसे वसूल म्हणावेत असा माल आहे, आणि म्हणूनच एका रबरी रिंगपायी तो कुचकामी ठरतो याचा जास्त राग येतो.

नळी पिशवीला जिथे ‘टक’ करून बसते, तिथे नळीच्या टोकावरच्या खाचेत ही ओ-रिंग असते. ती खराब झाल्याची पहिली खूण गळती नव्हे. आधी ओढताना पाण्याबरोबर हवा येते, तोंडात बुडबुडे येतात. कारण सरळ आहे: आपण ओढतो तेव्हा नळीत दाब कमी होतो आणि सैल रिंगच्या कडेने हवा आत शिरते. बहुतेक जण व्हॉल्व्ह बिघडला समजून तो बदलतात आणि पैसे घालवतात. नंतर सॅक आतून भरगच्च झाली आणि पिशवीवर दाब आला की तिथूनच थेंब थेंब पाणी सुटतं. तोवर सॅकच्या तळाशी स्लीपिंग बॅग ओली झालेली असते.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव एका परिच्छेदात संपवतो. आधी फोटो मागवला, मग व्हिडिओ, मग कुरियर. शेवटी उत्तर आलं की ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही, रिंग सुटी मिळत नाही, नळीचा पूर्ण सेट घ्या. सेटची किंमत नव्या ब्लॅडरच्या जवळपास निम्मी! चहाच्या किमतीच्या रिंगसाठी एवढे पैसे देणं मला मान्य नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

नाशिकात यावर सोपा उपाय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सील पुरवणारी दुकानं आणि आरओ फिल्टरचे सुटे भाग विकणारे, दोघांकडेही ओ-रिंग मिळतात. आरओवाल्याकडे आधी जा, कारण त्याच्याकडच्या रिंग पिण्याच्या पाण्यासाठीच्याच असतात. जुनी रिंग बरोबर न्या, पण फक्त तिच्यावरून माप घेऊ नका. दबून चपटी झालेली रिंग खऱ्यापेक्षा बारीक भरते. खाचेचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजून घ्या. आतला व्यास थोडा कमी असला तरी चालतं, रिंग ताणून बसते. जाडी मात्र काटेकोर हवी. पाव मिलिमीटर बारीक असेल तर हवा येणार, तेवढीच जाड असेल तर नळी आत जाणार नाही आणि जोर लावला तर पिशवीकडचं प्लास्टिकचं घर तडकेल. ते तडकलं की मग खरंच नवी ब्लॅडर. सिलिकॉनची फूड ग्रेड रिंग मागा. काळी रिंग बऱ्याचदा नायट्राइल रबराची असते, तिचा वास पाण्याला लागतो.

बदलताना सेफ्टी पिन किंवा चाकू वापरू नका, खाचेवर चरा पडतो आणि तिथूनच पुढे गळतं. दात कोरायची लाकडी काडी पुरते. खाच ओल्या सुती कापडाने पुसा, नवी रिंग पाण्यात बुडवून गोल फिरवत बसवा, पीळ राहिलेला नाही हे बोटाने पाहा. तेल, व्हॅसलीन, ग्रीस काही नको. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉनचंच ग्रीस लावलं तर ती फुगते. पाणी पुरेसं आहे.

मग चाचणी. पिशवी पूर्ण भरा, नळी जोडा, वर्तमानपत्रावर आडवी ठेवा आणि तिच्यावर पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर ट्रेकला न्या. नवी ब्लॅडर घेतली तरीही पहिल्या दिवशी हेच करा, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत.

रिंग लवकर का जाते, याचं मुख्य कारण वाळू. गडावरच्या टाक्यात पिशवी थेट बुडवून भरली की गाळ जोडापाशी बसतो आणि नळी घालता-काढताना रिंग घासते. त्यापेक्षा मगाने किंवा बाटलीने, सुती रुमालातून गाळून भरा. क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा, आणि थोडं पाणी नळीतूनही सोडा, नाहीतर नळीतलं पाणी तसंच राहतं. दुसरं कारण साखर. ब्लॅडरमध्ये लिंबू सरबत किंवा इलेक्ट्रॉल कधीही नको. चिकट झालेली रिंग जोडताना गुंडाळली जाते, आणि नळीत बुरशी धरते ती वेगळीच. तिसरं कारण म्हणजे नळी जोडलेलीच ठेवून महिनोन्‌महिने कपाटात टाकणं. दबलेलं रबर मग चपटंच राहतं.

वाटेतच रिंग गेली तर टेफ्लॉन टेप कामाला येतो. रिंग काढून खाचेत टेपचा एक-दीड वेढा द्या, त्यावर रिंग परत बसवा. परत येईपर्यंत निभावतं. प्लंबरकडचा तो छोटा रोल प्रथमोपचाराच्या डबीत असू द्या, शेजारी दोन जादा रिंग.

पिशवीच्या तोंडाबद्दल माझं मत वापरताना बदललं. पावसाळ्यात गोल फिरकीचं झाकण बरं वाटायचं, कारण ओल्या हातांनी सरकपट्टी ओढणं त्रासाचं होतं आणि ती सुटी असल्याने हरवायची धास्ती. उन्हाळ्यापर्यंत पारडं फिरलं. सरकपट्टीची पिशवी आतून उलटी करून उन्हात वाळवता येते, गोल झाकणाच्या पिशवीचे आतले कोपरे ओलेच राहतात. पट्टीला दोरी बांधली की हरवायचा प्रश्न मिटतो. बोअरच्या जड पाण्याने व्हॉल्व्हच्या चिरेत पांढरा थर जमतो, तो लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवला की निघतो.

हरिहरच्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असतात, तिथे नळी खांद्यावर असण्याचं मोल कळतं. उन्हात मात्र नळीतलं पाणी तापतं. सहा मिलिमीटर पोकळीच्या एक मीटर नळीत २८ मिलिलिटरच मावतं, म्हणजे गरम एक घोट आणि मग गार. त्यासाठी महागडं आवरण घेऊ नका.

तीन लिटरची घ्यावी का? माझ्या मते नाही. भरली की पाठीत फुगते, आणि किती उरलंय ते सॅक उघडल्याशिवाय कळत नाही. एप्रिलमध्ये सातमाळेत दिवसाला चार लिटर धरा: दोन ब्लॅडरमध्ये, दोन बाटल्यांत. ब्लॅडर संपली की निम्मं पाणी संपलं, हा हिशोब डोक्यात ठेवायला सोपा. यातली एक बाटली कोल्ड्रिंकची ठेवा. तिचा गळा साधारण २८ मिलिमीटरचा असतो आणि पिळून वापरायचे फिल्टर त्यावर बसतात. साध्या पाण्याच्या बाटल्यांवर ते बसतीलच असं नाही, घरीच लावून पाहा.

हीच ब्लॅडर पुन्हा घेईन का? घेईन, कारण पिशवी खरंच मजबूत आहे. पण दुकानात आधी नळी काढून खाच पाहीन, रिंगचं माप लिहून घेईन आणि घरी जाताना वाटेतच दोन रिंग उचलीन.