चोर्ला घाटाचा पाऊस आणि हॉट हॅच: ताकद पुढच्या दोन चाकांना की चारही?

बेळगावात कुणालाही विचारा, घाटात जोरात चालवायची ताकदवान हॅचबॅक, म्हणजे हॉट हॅच, घ्यायची म्हटलं की उत्तर ठरलेलं: "ऑल व्हील ड्राइव्हच घ्या, आपल्याकडचा पाऊस बघता ना!" पावसाचं खरंच आहे. पण त्या पावसात चार चाकांची ताकद नेमकी कुठे कामाला येते आणि कुठे नाही, हे कळल्याशिवाय एवढे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पंधरा लाखांच्या आत बजेट असेल तर हा प्रश्नच उरत नाही. आय-ट्वेंटी एन लाइनसारख्या गाडीत १२० हॉर्सपॉवर आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद फक्त पुढच्या चाकांना. निवड खरी वरच्या पातळीवर आहे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये भारतात आली. २६५ हॉर्सपॉवर, सगळी पुढच्या चाकांवर. मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. ४२१ हॉर्सपॉवर, चारही चाकांवर. ही आता वापरलेली मिळाली तर बघायची. गोल्फचंच ऑल व्हील ड्राइव्ह रूप असलेली 'गोल्फ आर' फोक्सवॅगन इथे अधिकृतपणे विकत नाही. जीटीआयसारखी नवी गाडी घेताना कर्नाटकात २० लाखांवर १८ टक्के लाइफटाइम टॅक्स आणि वर सेस लागतो, तो पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

आता घाटाकडे. जांबोटी, कणकुंबी सोडून चोर्ला घाट गोव्याच्या बाजूला उतरलात आणि संध्याकाळी साखळीहून परत चढायला लागलात की फरक दिसतो. चढावर गाडीचं वजन मागे झुकतं, पुढची चाकं हलकी होतात. त्यात जुलैमध्ये दरडीकडून पाणी वाहत येतं, तांबडी माती आणि पाला वळणाच्या आतल्या कडेला आणून टाकतं. तिथेच तुमचं आतलं पुढचं चाक येतं. वळताना त्याच्यावर आधीच भार कमी. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ते जागच्या जागी फिरतं, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो, इंजिनची ताकद कापली जाते आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते. डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल साधा असेल तर हे हमखास होतं. जीटीआयमध्ये पुढे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक आहे. तो ताकद बाहेरच्या, भार असलेल्या चाकाकडे वळवतो आणि नाक परत आत ओढून घेतो. ए ४५ एस याच्याही पुढे जाते. तिच्या मागच्या ॲक्सलवर ताकद जोडणारे-सोडणारे दोन क्लच आहेत, त्यामुळे निम्म्यापर्यंत ताकद मागे जाते आणि मागच्या दोन चाकांतही हवी तशी वाटली जाते. ओल्या चढावर वळणातून बाहेर पडताना तिला तोड नाही. इतकी ताकद पुढच्या दोनच चाकांवर टाकली असती तर स्टेअरिंग हातातून ओढलं गेलं असतं. म्हणून तिथे ऑल व्हील ड्राइव्ह ही चैन नव्हे, गरज आहे.

पण उतारावर? तिथे दोघी सारख्याच. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि वळताना धरून ठेवतात ते टायर. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी लवकर थांबवत नाही. उलट शाफ्ट, क्लच आणि मागच्या डिफरन्शियलचं जादा वजन सोबत असतं. चढावर गाडी इतकी घट्ट चालते की रस्ता किती निसरडा आहे ते हाताला कळतच नाही, आणि मग माणूस आंबोलीच्या उतारावर त्याच भरवशाने शिरतो. याची मला खरोखर भीती वाटते.

शेताकडच्या चिखलवाटेसाठी म्हणून ऑल व्हील ड्राइव्ह घेणाऱ्यांनी तो विचार सोडावा. या गाड्या इतक्या खाली असतात की चाक रुतायच्या आधी पोट टेकतं.

रोजच्या खर्चात मात्र फ्रंट व्हील सरळ जिंकते. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात टायरची बाजू फाटणं नवं नाही. फ्रंट व्हीलला त्याच ॲक्सलवरची जोडी बदलून भागतं. ऑल व्हीलमध्ये एक नवा आणि तीन झिजलेले टायर राहिले तर त्यांचा घेर वेगळा पडतो, क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. म्हणजे अनेकदा चारही टायर घ्यायचे. क्लचचं तेल ठरल्या वेळी बदलायचं ते वेगळंच. कणकुंबीच्या पुढे गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन चालत नाही, फ्लॅटबेडच मागवावा लागतो.

म्हणून माझा सल्ला: महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी गोवा आणि बाकी टिळकवाडी ते उद्यमबाग असं बेळगावातल्या बेळगावात फिरणं असेल तर जीटीआय घ्या आणि पावसाळ्याआधी ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे चार टायर घाला. त्याने चढ आणि उतार दोन्हीकडे फायदा होतो. पावसाळ्यात दर आठवड्याला घाट चढणार असाल आणि चारशे हॉर्सपॉवर मनापासून हवीच असेल, तरच ए ४५ एस. ती बघायला जाताना चारही टायर एकाच मेकचे आणि एकाच मॉडेलचे आहेत का ते तपासा, नक्षीची खोली मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला, तर मागच्या क्लचची तपासणी झाल्याशिवाय टोकन देऊ नका.