बोटाने ढकललं की पळणारं इंजिन

पार्सल उघडलं तेव्हा पुतण्या शेजारीच बसला होता. बबल रॅप सोडवून आगगाडीचं छोटं मॉडेल इंजिन डायनिंग टेबलावर ठेवलं. त्याने बोटाने जरासं ढकललं तर ते घरंगळत थेट पाण्याच्या तांब्यापाशी जाऊन थांबलं. "काय स्मूथ आहे काका!" मीही म्हणालो, "वा!" त्या 'वा'साठी मी एकोणीस हजार रुपये मोजले होते.

माझं आजोळ किर्लोस्करवाडीजवळ. मिरजेकडून येणाऱ्या गाडीला डिझेलचं, 'अल्को' या अमेरिकी कंपनीच्या रचनेचं इंजिन असायचं. स्टेशन सोडताना ते जो काळा धूर ओकायचं, तो बघायला आम्ही पोरं मामाचा डोळा चुकवून फाटकापर्यंत पळायचो. रेल्वेच्या भाषेत ते डब्ल्यूडीएम-२. पुढे मुलाला दाखवायच्या निमित्ताने कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय तीनदा पाहिलं (मुलगा दुसऱ्या वेळीच कंटाळला होता). तेव्हापासून मनात होतं, घरी एक छोटा लेआउट, म्हणजे टेबलावरची रुळा-डोंगरांची मॉडेल रेल्वे, करायचा.

केलाही. सुताराकडून आठ बाय चारची बारा मिलिमीटरची प्लाय, खाली पट्ट्या आणि चार पाय. रुळांसाठी साधा लंबगोल आखला, वळणाची त्रिज्या अठरा इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जागा उरते. थर्माकोलच्या डोंगरावर भिंतीला लावतात ती लांबी (पुट्टी) फासली. गवतासाठी लाकडाचा भुसा हिरव्या पोस्टर रंगात भिजवून गच्चीत वाळवला आणि चहाच्या गाळणीतून चाळला. ती गाळणी अजून बायकोच्या हिशेबात थकबाकी आहे. राहिलं होतं इंजिन, रूळ आणि गाडीचा वेग-दिशा सांभाळणारा कंट्रोलर.

छंदाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात दिसली. अल्को इंजिन, फ्लेक्स ट्रॅकचे (हवे तसे वाकवता येणाऱ्या रुळांचे) दहा तुकडे, कंट्रोलर, सगळं मिळून एकोणीस हजार. फोन केला. माणूस मराठी, आवाजावरून तिशीतला, आणि जाणकार. त्यानेच सांगितलं, "काका, आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६७६ मिलिमीटरची. एचओ मॉडेलच्या १:८७ प्रमाणात आणली तर एकोणीसच्या वर जाते. पण एचओचा रूळ साडेसोळाचा, म्हणून भारतीय मॉडेलला ही तडजोड करावीच लागते." हिशेब बरोबर होता. मी मनातल्या मनात त्याला प्रमाणपत्र देऊन टाकलं. ज्याला गेज कळतं तो फसवणार नाही, असं का वाटावं, हे आजही मला सांगता येत नाही.

त्याचं दुसरं वाक्य जास्त महागात पडलं. "तुमच्यासारख्याला मी काय सांगणार, तुम्हाला सगळं माहितीच आहे." आता सगळं माहीत असलेला माणूस 'यात मोटार आहे ना?' असं कसं विचारणार? मी नाही विचारलं. रूळ कसले आहेत, कंट्रोलरला मागे-पुढेचं बटण आहे का, काहीच नाही. अडाणी दिसेन या धास्तीने मी प्रत्येक वाक्याला नुसता "हो, हो" करत राहिलो. त्याने इंजिन धावतानाचा व्हिडिओ पाठवला, मी पाच हजार टोकन दिलं. दोन दिवसांनी "दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय" म्हणाला, तेव्हा उरलेले चौदाही यूपीआयने पाठवले.

पार्सल आलं त्या संध्याकाळी रूळ जोडले, वीज दिली. इंजिन ढिम्म. रूळ स्पिरिटने पुसले. ढिम्म. पुतण्याने नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणून तिच्या दोन वायरी दोन्ही बाजूंच्या चाकांना लावल्या. धड असलेलं डीसी, म्हणजे बॅटरीसारख्या विजेवर चालणारं, इंजिन एवढ्यावर निदान थरथरतं. हे थरथरलंही नाही. शेवटी चार स्क्रू काढून कवच उचललं. आत मोटारीच्या जागी शिशासारखा एक ठोकळा, दुतर्फा टेपने चिकटवलेला. वायर नाही, गिअर नाही.

याला डमी म्हणतात. कंपन्या स्वतःच अशी बिनमोटारीची इंजिनं काढतात, दोन इंजिनांची गाडी दाखवायची असली की मागे जोडायला. किंमत कमी, आणि बाहेरून अगदी हुबेहूब. खुणेची गोष्ट मात्र टेबलावरच घडून गेली होती. चालत्या इंजिनात बहुतेक वेळा वर्म गिअर असतो, मळसूत्रासारख्या आट्यांचा. मोटार चाकांना फिरवते, पण चाकं मोटारीला फिरवू शकत नाहीत. असं इंजिन बोटाने ढकललं तर घसटत जातं, घरंगळत नाही. आम्ही ज्याला स्मूथ म्हणून वाखाणलं, तीच बोंब होती.

मग बाकीचंही तपासायला घेतलं. रूळ 'निकेल सिल्व्हर'चे सांगितले होते. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू तो, आपलं भांड्यांचं जर्मन सिल्व्हर. त्याला चुंबक चिकटत नाही. फ्रिजवरचा गणपती काढून रुळाला लावला, तो टपकन चिकटला. साधं पोलाद. पुण्याच्या पावसात चार महिन्यांत तांबेरणार. कंट्रोलर म्हणजे एलईडी पट्टीचा अ‍ॅडॉप्टर आणि डिमर. त्याने गाडी पळेल, पण एकाच दिशेला.

फोन केला तर आधी "कुरिअरमध्ये दणका बसला असेल". दणक्याने मोटार विरघळत नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. "मी मॉडेल म्हणून विकलंय. चालणारं आहे असं कुठे लिहिलंय, दाखवा." चॅट वर-खाली चाळलं. खरंच नव्हतं. लेखी फक्त 'अल्को, मस्त कंडिशन, बॉक्ससहित'. चालण्याबद्दलचं सगळं बोलणं फोनवर, आणि व्हिडिओखाली एक अक्षर नाही.

मी तिसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तोवर खात्यातून पैसे पुढे सरकले होते. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी त्या नंबरवर फोन करायचा असतो, तरच ते वाटेत अडवता येण्याची आशा. मी दोन दिवस त्याची समजूत काढण्यात घालवले. ठाण्यात हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे काका, माल आला ना?" त्या प्रश्नात त्या माणसाची सगळी हुशारी होती. रिकामा खोका पाठवला असता तर उघड चोरी झाली असती. त्याने थोडं बरोबर, थोडं खोटं असं पाठवलं, म्हणून ते 'गिऱ्हाइकाचं समाधान झालं नाही' एवढंच उरलं. पार्सल उघडतानाचं चित्रीकरण माझ्याकडे नव्हतं. आता भाजीवाल्याची पिशवीसुद्धा मोबाइल चालू ठेवून उघडतो, असं घरात म्हटलं जातं.

तो व्हिडिओ मात्र मी नंतर वीसेक वेळा पाहिला. अकराव्या सेकंदाला इंजिन वळणावर येतं आणि मागे भिंतीवरचा सॉकेट दिसतो. दोन गोल भोकं, खोलगट वाटीसारखा, युरोपात असतो तसा. माणूस फोनवर सांगत होता की हे त्याच्या सांगलीच्या घरातलं आहे. इंजिनाशेजारी माझं नाव आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद ठेवून दहा सेकंदांचा नवा व्हिडिओ पाठव, एवढं म्हटलं असतं तरी तो गळाला असता. मीही तेवढं म्हणायला लाजलो.

गेल्या आठवड्यात पुतण्याने एक जाहिरात पुढे पाठवली. वेगळा नंबर, वेगळं नाव, "काकांच्या संग्रहातलं अल्को, घाईत विकणे". किंमत आता एकवीस हजार. व्हिडिओ सुरू केला आणि अकरा सेकंद मोजले. सॉकेट तोच. खाली मी लिहिलं, "इंजिन उलटं करून चाकं बोटाने फिरवून दाखवा." दोन मिनिटांत त्याने मला ब्लॉक केलं.