परकी फौज किती वर्षे, पंथीय संघर्ष किती वर्षे: इराकसाठी कोणती मोजपट्टी घ्यावी?

फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकवरील स्वारीला सहा आठवडे उरले असताना, अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी इटलीतील आव्हियानो तळावर सैनिकांपुढे बोलताना युद्ध सहा दिवस चालेल किंवा सहा आठवडे, पण सहा महिने चालेल असे वाटत नाही, असे म्हटले होते. जून २००५ मध्ये त्यांनीच अशी बंडे पाच, सहा, आठ, दहा, बारा वर्षेही चालू शकतात असे सांगितले. या दोन विधानांवरून त्यांची पुष्कळ टवाळी झाली. पण बारकाईने पाहिले तर पहिला अंदाज फारसा चुकलेला नाही. २० मार्चला सुरू झालेल्या मोहिमेत ९ एप्रिलला बगदाद पडले. राजवट पाडायला लागणारा काळ आणि ती पाडल्यावर त्या देशात राहावे लागणारा काळ यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो, याकडे मात्र मोहिमेची आखणी करणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही.

परकी फौज इराकमध्ये किती काळ राहील आणि तेथील शिया-सुन्नी संघर्ष किती काळ चालेल, हा प्रश्न आजही ज्यांच्यापुढे येतो, मग तो आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विद्यार्थी असो, वृत्तपत्रासाठी टिपण लिहिणारा असो, की बसरा किंवा एर्बिल येथील कंत्राटी नोकरी घ्यावी की नाही अशा विचारात पडलेला माणूस असो, तो आधाराला एखादे जुने उदाहरण शोधतो. बहुधा लेबनॉन किंवा उत्तर आयर्लंडची आठवण काढली जाते. श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेचे उदाहरण आपल्याला जवळचे असले तरी तो संघर्ष पंथांचा नव्हता, म्हणून ते मी बाजूला ठेवतो. उत्तर आयर्लंडबाबत मात्र एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिटिश फौज तेथे परकी होती की स्वतःच्याच देशात होती, हाच तर आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे कॅथलिक राष्ट्रवादी आणि ब्रिटनमध्येच राहू पाहणारे प्रोटेस्टंट युनियनवादी यांच्यातील वादाचा गाभा होता.

आरंभ तिन्ही ठिकाणी विलक्षण सारखा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी आणि बेलफास्टमध्ये ब्रिटिश सैनिक उतरले तेव्हा कॅथलिक वस्त्यांतील बायकांनी त्यांना चहा नेऊन दिला. जून १९८२ मध्ये इस्रायली सैन्य दक्षिण लेबनॉनमध्ये शिरले तेव्हा पॅलेस्टिनी संघटनांना कंटाळलेल्या शिया गावांनी त्यांच्यावर तांदूळ आणि फुले उधळली. बगदादच्या फिरदौस चौकातील सद्दाम हुसेन यांचा पुतळा पडतानाची दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत. हे स्वागत आटले ते फौजेच्या स्वतःच्या कृतींमुळे. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ ची विनाचौकशी धरपकड आणि ३० जानेवारी १९७२ चा डेरीतील गोळीबार ही कारणे ठरली. दक्षिण लेबनॉनमध्ये १६ ऑक्टोबर १९८३ रोजी नबातिया गावात शियांच्या शोकदिनी, आशुराला, निघालेल्या मिरवणुकीत इस्रायली लष्करी गाड्या घुसल्या आणि एका दिवसात तटस्थ लोक शत्रू झाले. इराकमध्ये तर दोन वर्षेही लागली नाहीत. इराकमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी १६ मे २००३ ला सद्दाम यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतील लोकांना नोकऱ्यांतून काढणारा हुकूम काढला, आणि २३ मे रोजी सैन्यच बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारे लाखो पुरुष एका आठवड्यात बेकार झाले. त्यांतले पुष्कळ सुन्नी अधिकारी पुढे बंडखोरांकडे गेले.

येथपर्यंत तिन्ही मोजपट्ट्या एकमेकींशी जुळतात. फौज परत कधी जाते या प्रश्नावर मात्र त्या वेगळ्या होतात. अमेरिकी नौसैनिकांची तुकडी १९८२ मध्ये शांतिसैन्य म्हणून बैरूतला गेली. २३ ऑक्टोबर १९८३ च्या स्फोटात २४१ अमेरिकी मारले गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत ती माघारी निघाली. इस्रायलने चाळीस किलोमीटरपुरती म्हणून केलेली स्वारी बैरूतपर्यंत गेली, १९८५ मध्ये सीमेलगतच्या पट्ट्यात आखडली आणि तिथे आणखी पंधरा वर्षे टिकली. स्थानिक मित्रसेनेमुळे तो पट्टा राखणे तुलनेने स्वस्त पडत होते. १९९७ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात ७३ सैनिक गेल्यावर सैनिकांच्या आयांनी चळवळ उभारली, १९९९ च्या निवडणुकीत एहुद बराक यांनी माघारीचे आश्वासन दिले, आणि मे २००० मध्ये फौज निघाली. सीरियाला लेबनॉनमधील मुक्काम स्वस्तच नव्हे, तर फायद्याचा होता, म्हणून तो १९७६ पासून २९ वर्षे चालला. आणि १४ फेब्रुवारी २००५ ला लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांची हत्या झाल्यावर अडीच महिन्यांच्या आत गुंडाळला गेला. उत्तर आयर्लंडमधील ब्रिटिश मोहीम ऑगस्ट १९६९ पासून ३१ जुलै २००७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३८ वर्षे चालली, कारण लंडनच्या दृष्टीने तो मुलूख आपला होता आणि १९७२ च्या भीषण वर्षानंतर बळींची संख्या ब्रिटिश मतदार सहन करील इतक्या मर्यादेत उतरली होती. चारही उदाहरणांत फौजेचा मुक्काम किती लांबेल हे तिला पाठवणाऱ्या राजधानीतील सोयीने आणि सोसण्याच्या ताकदीने ठरले. तिच्या ताब्यातील गावांत शांतता होती की नाही, याला दुय्यम स्थान होते.

पंथीय संघर्षाचे घड्याळ निराळे असते. डिसेंबर १९७३ मध्ये सनिंगडेल येथे उत्तर आयर्लंडसाठी सत्तावाटपाचा करार झाला आणि पुढच्या मे महिन्यात युनियनवादी कामगारांच्या संपाने तो मोडला. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार बऱ्याच अंशी त्याच अटींवर झाला. तोडगा हाती असूनही तो पचायला चोवीस वर्षे आणि बरेच बळी लागले. संपूर्ण संघर्षातील बळींची संख्या साडेतीन हजारांच्या घरात आहे. लेबनॉनमध्ये १९७५ पासूनच्या यादवीत दीड लाखाच्या आसपास माणसे मेल्याचे मानले जाते, आणि १९८९ च्या ताइफ कराराने जे बदलले ते मुख्यतः ख्रिस्ती आणि मुस्लिम खासदारांचे प्रमाण: सहास पाच होते, ते समसमान झाले. हा करार प्रत्यक्षात उतरला तो ऑक्टोबर १९९० मध्ये सीरियाच्या फौजेने जनरल मिशेल औन यांचा शेवटचा विरोध मोडल्यावर. परकी फौज गेली की भांडण मिटते, असे मानणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची आहे. आणि फौज राहिली की मिटते, असे मानणाऱ्यांना इराक अडचणीचा आहे.

२२ फेब्रुवारी २००६ रोजी समर्रा येथील, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीचा घुमट उडवला गेला तेव्हा इराकमध्ये सव्वा लाखाहून अधिक अमेरिकी सैनिक होते, तरीही त्या वर्षी बगदादमध्ये शिया-सुन्नी कत्तलींनी कळस गाठला. २००८ पर्यंत हिंसा खूप उतरली. ती उतरण्याचे श्रेय बहुधा २००७ मध्ये पाठवलेल्या जादा सैन्याला दिले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. अनबार प्रांतातील सुन्नी टोळ्या २००६ मध्येच अल-कायदाविरुद्ध उठल्या होत्या, ऑगस्ट २००७ मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी आपल्या सशस्त्र सेनेला थांबवले होते, आणि बगदादच्या मिश्र वस्त्यांपैकी अनेक तोवर एकाच पंथाच्या होऊन गेल्या होत्या. फौज काढून घेण्याची तारीख मात्र नोव्हेंबर २००८ च्या करारातच लिहिली गेली, आणि १८ डिसेंबर २०११ रोजी शेवटची तुकडी कुवेतमध्ये गेली. दुसऱ्याच दिवशी इराकचे सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशमी यांच्या अटकेचे वॉरंट निघाले. अडीच वर्षांनी, १० जून २०१४ ला, मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेले आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकी विमाने परत आली.

मग कोणती मोजपट्टी घ्यावी? फौजेच्या मुक्कामासाठी बाहेरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. इराकचाच जुना इतिहास अधिक उपयोगी आहे. आपल्याकडच्या वाचकाला त्याची ओळखही असायला हवी, कारण एप्रिल १९१६ मध्ये इराकमधील कुत येथे तुर्कांना शरण आलेली ब्रिटिश भारतीय फौज ही सहावी पुणे डिव्हिजन होती. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर ब्रिटिश जनरल मॉड यांच्या जाहीरनाम्यात आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत असे म्हटले होते. १९२० मध्ये उठाव झाला, १९३२ मध्ये स्वातंत्र्य दिले गेले, पण हवाई तळ हाती ठेवले गेले, १९४१ मध्ये ब्रिटनने देश पुन्हा ताब्यात घेतला, आणि १९५८ च्या क्रांतीपर्यंत त्याचा वरचष्मा टिकला. औपचारिक निरोप आणि मग पुनरागमन, हा क्रम २०११ नंतरही दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या समझोत्यानेही अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या फौजेची अखेर २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्यानेच ठरवली.

संघर्षासाठी मात्र लेबनॉनची मोजपट्टी घ्यावी. राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी अशी बगदादमधील वाटणी लेबनॉनच्या धर्तीचीच आहे, सरकारी सैन्याबाहेरचे सशस्त्र गट दोन्हीकडे आहेत, आणि शेजारी देशांची ढवळाढवळही दोन्हीकडे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये लंडन आणि डब्लिन ही दोन्ही सरकारे अखेरीस एकाच दिशेने ओढत होती. बगदादला तेहरान आणि रियाध यांच्याकडून असे काही मिळाले नाही. म्हणून ज्याला अंदाज बांधायचा आहे त्याने तीव्र कत्तलीचा टप्पा दोन-तीन वर्षांचा, सशस्त्र संघर्षाचा एकूण काळ पंधरा वर्षांच्या आसपास, आणि त्यात मधल्या शांततेचे फसवे तुकडे, असे धरून चालावे.

नोकरीचा विचार करणाऱ्याला हे तुकडेच सर्वांत महागात पडू शकतात. २०१४ मध्ये तिकरितच्या रुग्णालयात अडकलेल्या, मुख्यतः केरळच्या ४६ परिचारिका आणि मोसुलमध्ये ओलीस धरले गेलेले, बहुतांशी पंजाबचे ३९ मजूर तेथे काम करीत होते तेव्हा अमेरिकी फौज निघून गेली होती आणि कागदोपत्री युद्ध संपलेले होते. परिचारिका एर्बिलमार्गे सुखरूप परतल्या. मजुरांच्या मृत्यूला मार्च २०१८ मध्ये सरकारी दुजोरा मिळाला. मोसुलहून एर्बिल ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, आणि त्या उन्हाळ्यात एर्बिलला कुर्दांचे स्वतःचे सशस्त्र दल, पेशमर्गा, उभे होते, तर मोसुलमधून इराकी सैन्याच्या तुकड्या काही दिवसांत पळून गेल्या होत्या. कंत्राटावर सही करण्यापूर्वी त्या विशिष्ट शहराचा पहारा कोणाकडे आहे, तो पहारा शहरातील बहुसंख्यांना आपला वाटतो का, आणि तिथून बाहेर पडण्याचा रस्ता कोणाच्या ताब्यातील मुलखातून जातो, एवढे विचारून घ्यावे.