फ्रीबीएसडीच्या हार्डवेअर नोट्स: किनाऱ्यावरच्या जुन्या यंत्रांसाठी कितपत कामाच्या?

फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या प्रत्येक आवृत्तीसोबत हार्डवेअर नोट्स, म्हणजे चालणाऱ्या हार्डवेअरची यादी, येते. ड्रायव्हरच्या (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मॅन पेजात, म्हणजे सोबतच्या माहितीपानात, 'हार्डवेअर' नावाचा भाग असतो, तोच उचलून ही यादी तयार होते. चिपची माहिती ड्रायव्हरजवळच राहते, म्हणून ती सहसा शिळी होत नाही. हा निर्णय अगदी योग्य आहे.

खोक्यावरच्या नावाला फारशी किंमत नसते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या. पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप, दुसऱ्यापासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. नाव तेच, ड्रायव्हर पूर्ण वेगळा. रत्नागिरी-कुडाळच्या दुकानात डाँगल घेताना मागच्या लेबलवरचं व्हर्जन वाचा आणि यादीत चिपचं नाव शोधा. दापोलीच्या आतल्या वाडीतून अडॅप्टर बदलायला परत येणं म्हणजे अख्खा दिवस गेला.

यादीची उणीव मोठी आहे: चिप 'चालते' म्हणजे किती चालते, हे ती सांगत नाही. इंटेलचं वायफाय चालवणारा आयडब्ल्यूएलवायफाय (iwlwifi) ड्रायव्हर कित्येक आवृत्त्या ८०२.११ए/बी/जी या जुन्या वायफायच्या वेगावर अडकला होता. काही चिपना त्यापुढच्या एन आणि एसी वायफायचा वेग २०२५ च्या फ्रीबीएसडी १४.३ मध्ये मिळाला. यादीत मात्र कार्ड आधीपासूनच होतं. वेग, यंत्र झोपवून (सस्पेंड करून) उठवणं आणि फर्मवेअर (चिपमध्ये भरावा लागणारा प्रोग्राम) लागतं का, असे तीन रकाने प्रत्येक चिपपुढे हवेत. फर्मवेअर तर हवंच, कारण ते आणणाऱ्या एफडब्ल्यूगेट (fwget) या कमांडला आधी इंटरनेट लागतं. केबल नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, 'kldload if_urndis' द्या, मग 'dhclient ue0'.

शाळेसाठी किंवा वाचनालयासाठी स्वतःची यादी करत असाल, तर 'चालत नाही' लिहिण्याआधी 'pciconf -lv' चालवा. ओळीच्या सुरुवातीला 'none0' दिसलं तर चिप सापडली आहे, ड्रायव्हर जोडला गेलेला नाही. कार्डाची ओळच नसेल तर संशय आधी खाऱ्या हवेवर घ्या: वीज काढून कार्ड बाहेर घ्या, कडेवरचा हिरवट थर खोडरबराने अलगद घासा, ९९ टक्के आयसोप्रोपाइलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि परत बसवा. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा निघतो. गंजलेल्या स्लॉटचा दोष ड्रायव्हरच्या माथी मारला, तर पुढचा माणूस चांगलं कार्ड फेकून देतो.

३२-बिट पीसीवर फ्रीबीएसडी १५.० बसत नाही. त्यांना १४ चीच शाखा. पण यंत्रावर ३२-बिट विंडोज दिसली म्हणून घाई करू नका. कोअर २ ड्युओ ६४-बिटच आहे, त्यावर एएमडी६४ ची (६४-बिट पीसीसाठीची) इमेज वापरा.