पंधरवड्याला एक लिक : ब्लूज गिटारच्या ऑनलाइन सराव गटातील वर्षभर

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात वडिलांची पेटी आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमेपर्यंतच्या परीक्षा मी शाळेत असतानाच तिच्यावर दिल्या होत्या आणि तेवढ्या शिदोरीवर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. नाशिकमध्ये गिटारचे वर्ग कमी नाहीत. कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको अशा कोणत्याही भागात दोन-तीन पाट्या सहज दिसतात. परंतु मी ज्या वर्गांत चौकशी केली तिथे एक तर हिंदी गाण्यांच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) शिकवत होते किंवा परदेशी मंडळांच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेत होते. मला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेली शैली, शिकायची होती आणि तीही परीक्षेविना, म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील एका शिक्षकाने चालवलेल्या ऑनलाइन सराव गटाचा मी सभासद झालो. पुढे काही तक्रारी आहेत, म्हणून गटाचे नाव येथे देत नाही. पण अशा गटात शिरण्यापूर्वी काय पाहावे हे या परीक्षणातून कळावे, अशी अपेक्षा आहे.

गटाची पद्धत साधी आहे. दर दुसऱ्या रविवारी शिक्षक एक लिक देतात. लिक म्हणजे दोन ते चार बारांचा (बार म्हणजे येथे चार मात्रांचा खंड) एक स्वरवाक्यांश. आपल्याकडे तानेचा तुकडा म्हणतात, जवळपास तसाच. त्यासोबत टॅब (कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचे ते दाखवणारे लेखन), संथ आणि पूर्ण लयीतील चित्रफीत आणि तीन लयींतील बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीची मुद्रणे, मिळतात. पुढच्या चौदा दिवसांत प्रत्येकाने ती लिक ट्रॅकवर वाजवून, एकाच दमात मुद्रित करून, कोणतीही काटछाट न करता गटात टाकायची असते. सलग दोन वेळा ध्वनिमुद्रण आले नाही, तर पुढचा महिनाभर फक्त ऐकता येते, टाकता येत नाही. हा नियम वाचताना मला शाळकरी वाटला होता. वर्ष संपताना मात्र माझे मत असे झाले आहे की वर्गणी खरे तर या एका नियमाचीच आहे. लिक इंटरनेटवर फुकट मिळतात, इतक्या की एका आयुष्यात वाजवून होणार नाहीत. आपण वाजवलेली लिक ठरलेल्या दिवशी कोणीतरी कान देऊन ऐकणार आहे, ही गोष्ट मात्र फुकट मिळत नाही.

ध्वनिमुद्रणाने काय होते, ते एका लिकच्या उदाहरणाने सांगतो. ऑगस्टमध्ये आलेली ती लिक 'ए' या सुरातली, म्हणजे आपल्या पांढरी सहामधली होती. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरचा पडदा) सूर पूर्ण एका स्वराने वर ओढायचा, लगेच दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट, मग पहिल्या तारेचा पाचवा. तिथून दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर येऊन पाचव्यावर उतरायचे, तिसऱ्या तारेवर सातवा आणि पाचवा फ्रेट घ्यायचा आणि चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर थांबायचे. स्वरांत मांडले, तर मध्यम ओढून पंचम, पुन्हा पंचम, तार षड्ज. मग कोमल निषाद, पंचम, मध्यम, कोमल गंधार आणि षड्ज. ज्यांना धानी राग माहीत आहे, त्यांना हे स्वर घरचे वाटतील; ब्लूजची पायाभूत मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे नेमके धानीचे पाच स्वर, आणि त्यात तीव्र मध्यम मिळवला की सहा स्वरांची ब्लूज स्केल होते. पेटीवर ही लिक मला पाचव्या मिनिटाला आली. गिटारवर ती सादर करण्याजोगी व्हायला सतरा दिवस लागले, म्हणजे मुदत उलटून तीन दिवस गेले होते.

पहिली अडचण ओढलेल्या मध्यमाची होती. तार किती ओढली म्हणजे पंचम लागतो, हे बोटांना कळत नाही, कानालाच सांगावे लागते. सोय अशी की लगेच पुढचा सूर तोच पंचम असतो, त्यामुळे दोन्ही एकामागून एक ऐकले की चूक उघडी पडते. वाजवत असताना मला दोन्ही सूर एकच वाटत होते. मुद्रण ऐकले तेव्हा माझा ओढलेला पंचम दर वेळी थोडा खालीच राहतो, असे दिसले, आणि करंगळीशेजारच्या बोटामागे आधाराला आणखी दोन बोटे लावून, मनगटाने तार वर ढकलायला लागल्यावरच तो जागेवर आला. शिक्षकांनी चित्रफितीत हे सांगितलेले होते. मी ते पाहिलेही होते. पण स्वतःचा बेसूर पंचम कानावर पडेपर्यंत त्याचा उपयोग झाला नाही.

दुसरी अडचण अधिक खोल होती आणि ती पेटीवाल्याची होती. शेवटून दुसऱ्या कोमल गंधारावर टॅबमध्ये पाव स्वराची ओढ दाखवलेली होती. ब्लूजमधील हा गंधार धड कोमल नाही आणि शुद्धही नाही. खाली वाजत असलेल्या 'ए सेव्हन' कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो, त्याच्याकडे झुकलेला पण तिथवर न पोहोचलेला असा हा सूर आहे. पेटीवर तो नाहीच. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर घातलेली आणि १९७१ मध्ये अंशतः उठवलेली बंदी याच उणिवेपायी होती, की या वाद्यातून मींड आणि श्रुती निघत नाहीत. वडील त्या बंदीविषयी चिडून बोलत असत. मला मात्र आमच्या पेटीचा दोष साता समुद्रापारच्या शिक्षकांनी दाखवला. माझ्या मुद्रणावर त्यांचा अभिप्राय एवढाच होता की तुमचा हा सूर अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच चुकीचा आहे.

याच लिकने तिसरी गोष्ट शिकवली आणि ती मला कोणत्याही फुकट चित्रफितीत इतकी नेमकी मिळाली नव्हती. बारा बारांचे ब्लूज हे आपल्या आवर्तनासारखे चालते : पहिले चार बार 'ए', दोन बार 'डी', पुन्हा दोन बार 'ए', मग 'ई' आणि 'डी' एकेक आणि शेवटच्या दोन बारांत 'ए'वरून 'ई'वर येऊन पुन्हा समेला. प्रत्येक बारात चार म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा, आणि मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत हे आवर्तन ३६ सेकंदांत पूर्ण होते. मी लिक पहिल्या बारात आणि पाचव्या बारात तशीच्या तशी वाजवली होती. पाचव्या बारात मात्र कॉर्ड 'डी सेव्हन' असते आणि आपला कोमल गंधार तिचाच घटक सूर असतो. तिथे तो ओढण्याचे कारण उरत नाही, सरळ ठेवला की छान बसतो. तोच सूर 'ए'वर अस्वस्थ आणि 'डी'वर निवांत असतो. हे कळल्यावर मी जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकू लागलो आणि बी. बी. किंग यांच्यासारखा वादक इतक्या थोड्या सुरांत इतके काही कसे सांगतो, त्याचा थोडासा उलगडा झाला.

एका दमात मुद्रण करण्याच्या नियमावरून गटात अधूनमधून कुरबूर होते. शिक्षक त्यावर जुन्या काळातील अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनचा दाखला देतात. त्याचे सारे ध्वनिमुद्रण १९३६ मध्ये सॅन अँटोनियो आणि १९३७ मध्ये डॅलस येथे मिळून झाले, एकूण २९ गाणी. तेव्हा सूर थेट तबकडीवर कोरला जाई आणि नंतर दुरुस्तीची सोय नव्हती. त्यातल्या काही गाण्यांची दोन-दोन मुद्रणे उपलब्ध आहेत आणि ती एकमेकांसारखी नाहीत. दाखला चांगला आहे, पण जॉन्सनला रात्री अकरा वाजता शेजारच्यांची काळजी घ्यावी लागत नसावी.

शेजारचा विषय निघाला आहे म्हणून मुद्रणाच्या व्यवस्थेविषयी. गट त्याबाबत फारसे काही शिकवत नाही आणि ही मोठी उणीव आहे. पहिले दोन महिने मी ॲम्प्लिफायरसमोर फोन ठेवून मुद्रण करत होतो. त्यात पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि गणेशोत्सव जवळ आल्यावर मागच्या मैदानावरील ढोल पथकाचा सराव हे सर्व येत होते. नाशिक ढोलाचा ठोका शफल या ब्लूजच्या डुलत्या लयीत बसत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून मधला गाळायचा. दादऱ्याच्या 'धा धी ना'मधला 'धी' मुका ठेवला की जे डुलते, ते शफल. ढोल सुरू असताना माझा मधला भाग गाळला न जाता भरला जाई. सप्टेंबरमध्ये मी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात नेणारी पेटी) घेतला आणि गिटार सरळ लॅपटॉपला जोडली, तेव्हा बाहेरचे आवाज एका दिवसात थांबले.

त्यानंतर घरातलाच आवाज सुरू झाला. माझ्या गिटारचे पिकअप (तारांचे कंपन विजेत पकडणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, आहेत आणि ते घरातील वीजप्रवाहाची ५० हर्ट्झची गुणगुण हौसेने पकडतात. दोन उलट्या कॉइलचे हमबकर पिकअप ती आपोआप खोडून काढतात. खोलीतील ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद केल्यावर ती कमी झाली, लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर एक निराळी करकर थांबली, आणि खुर्ची फिरवत फिरवत देवघराकडे तोंड केल्यावर गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. गेले आठ महिने मी सर्व ब्लूज देवघरासमोर बसून वाजवले आहेत. मे महिन्यात पंख्याशिवाय हा उद्योग करणे ही वेगळी तपश्चर्या आहे. इंटरफेसमध्ये १२८ सॅम्पल्सचा बफर (आवाज ज्या तुकड्यांत पुढे पाठवला जातो त्यांचा आकार) ठेवला, तर ४४.१ किलोहर्ट्झला त्याचा विलंब सुमारे तीन मिलिसेकंद येतो. ॲम्प्लिफायरपासून एक मीटर दूर बसण्याइतकाच तो आहे आणि आत-बाहेर दोन्ही मिळून दुप्पट झाला तरी खटकत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र लावू नयेत. त्यांचा विलंब इतका असतो की आपण कायम मागे पडतो, आणि दोष हाताचा आहे असे समजून मी एक पूर्ण आठवडा वाया घालवला. सॉफ्टवेअरसाठी खर्चाची गरज नाही, ऑडॅसिटी मोफत मिळते आणि एवढ्या कामाला पुरते. सूर सर्वांत मोठा वाजतो तेव्हा पातळी उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहिली म्हणजे झाले. ही सारी माहिती एका पानात मावली असती आणि ते पान सभासद होताच हातात पडायला हवे होते.

गटाच्या ऑनलाइन बैठकांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्या लंडनच्या वेळेनुसार रविवारी दुपारी साडेतीनला असतात, म्हणजे आपल्याकडे रात्री आठला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात आणि आपली बैठक नऊवर जाते. ही सूचना कोणी दिली नाही आणि मी तासभर एकटाच बसलो. इंटरनेटवरच्या विलंबामुळे सर्वांना एकत्र वाजवता येत नाही, एकेकाने वाजवायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, त्यामुळे सवाल-जवाब हा ब्लूजचा प्राणच तिथे गैरहजर असतो. शिवाय सभेच्या सॉफ्टवेअरमधली गोंगाट गाळण्याची सोय बंद केली नाही, तर ते गिटारलाच गोंगाट समजून लांबवलेले सूर गिळून टाकते. अभिप्रायांचे म्हणाल, तर शिक्षकांचे मोजके आणि कामाचे असतात. सभासदांचे बहुतेक गोड असतात. मी मुद्दाम बेसूर मुद्रणही टाकून पाहिले आणि त्यालाही सहा कौतुके मिळाली. चुकलेली जागा सेकंदासह दाखवून देणारे दोघेच सभासद आहेत. त्यांची मुद्रणे मी आता सर्वांत आधी ऐकतो आणि त्यांनाही तितकेच रोखठोक लिहितो.

वर्गणीची कटकट निराळी. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपल्याकडे कार्डावरून परस्पर होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी ग्राहकाची वेगळी संमती लागते. नियम योग्यच आहे, पण परदेशातील छोट्या व्यवस्थांची वसुली त्यात अडकते. माझी तीन वेळा अडकली, आणि तिसऱ्या वेळी तर मुद्रण तयार असताना गटाचे दार बंद होते. वर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क असते, ते धरूनच हिशेब करावा.

ज्यांना कॉर्ड बदलताना अजून थांबावे लागते, त्यांनी या गटात येण्याची घाई करू नये. नाशिकमधल्या कोणत्याही चांगल्या वर्गात सहा महिने घालवणे त्यांना अधिक लाभेल. ज्यांचा हात बऱ्यापैकी बसला आहे आणि ज्यांनी स्वतःचे वाजवणे कधी ऐकलेले नाही, त्यांना हा गट उपयोगी पडेल. मी पुढच्या वर्षासाठी गटात नाव कायम ठेवले आहे. या खेपेस वार्षिक वर्गणी भरली, म्हणजे बँकेशी भांडण वर्षातून एकदाच होईल.